चारोळीच्या डोंगरावर आलेला शब्द

आमच्या ऑफिसात तो शब्द लिहायला आता बंदी आहे. मागच्या महिन्यात ईशाने, आमच्या तरुण संपादिकेने, टाळायच्या इंग्रजी शब्दांची यादी छापून पाण्याच्या कूलरवर चिकटवली. त्यात पहिलाच शब्द ‘सस्टेनेबल’. समोर तिने मराठीत लिहिलंय, ‘चोथा झालेला’. मी पेला भरायला गेले होते. पाणी काठावरून हातावर वाहायला लागलं तरी मी तिथेच उभी होते.

ईशाचं काही चुकलेलं नाही. चंद्रपुरात बसून आम्ही कंपन्यांचे, संस्थांचे अहवाल इंग्रजीत नीटनेटके करून देतो, आणि त्या अहवालांत हा शब्द न निवडलेल्या डाळीतल्या खड्यासारखा दर घासाला दाताखाली येतो. खाण सस्टेनेबल, सिमेंट सस्टेनेबल, राखेचा डोंगर सस्टेनेबल, पाहुण्यांना दिलेली कापडी पिशवीसुद्धा सस्टेनेबल. गडचांदूरच्या रस्त्यावर, धुळीने पांढऱ्या पडलेल्या झाडांमध्ये, या शब्दाचा एवढा मोठा फलक आहे की त्याच्या सावलीत ट्रकवाले डबा खातात. “मॅडम, हा शब्द दिसला की मला जांभई येते,” ईशा म्हणाली. “कुणी आणला असेल हो हा आपल्याकडे?”

 बाकीच्या जगात तो कुणी आणला ते मला माहीत नाही. पण धानोऱ्याच्या पुढे, डांबरी रस्ता संपल्यावर दोन नाले ओलांडून जिथे एक चारोळीचा डोंगर होता, तिथे तो मी नेला. आज त्या डोंगरावर चारोळीचं झाड नाही. आणि त्या शब्दापायी जिला मी खोटं बोलायला लावलं ती रैजीबाई अजून जिवंत आहे, हे मला दरवर्षी कुणाकुणाकडून कळत होतं. तीसेक वर्षं मी तिच्यासमोर गेले नव्हते. एकदा जाऊन “चूक माझी होती” एवढंच म्हणायचं होतं. तेवढंही माझ्याच्याने झालं नव्हतं.

मी भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीतली. एकसारखी पिवळी क्वार्टर्स, भोंग्यावर चालणारं घर, आणि बाबांची लाल कापडी बांधणीची इंग्रजी डिक्शनरी. शिफ्ट संपवून आले की बाबा हातपाय धुऊन त्यातला एक शब्द वाचायचे आणि पेन्सिलने बारीक टिंब करायचे. त्यांच्यामुळे माझं इंग्रजी कॉलनीत नावाजलेलं. त्याच जोरावर मला वडशाच्या एका छोट्या संस्थेत नोकरी लागली. संस्था म्हणजे दोन खोल्या, एक टाइपरायटर आणि भाऊ. भाऊंचं नाव मोठं होतं पण सगळे त्यांना भाऊच म्हणत. जंगलातल्या गावांत हिंडून तिथल्या बायकांनी वेचलेल्या मोहाला, चारोळीला, डिंकाला बरा भाव मिळावा म्हणून ते खटपट करत, आणि त्यांना इंग्रजी अजिबात येत नसे. “तू फक्त पत्रं वाच अन् पत्रं लिही,” ते म्हणाले होते. “बाकी मी पाहतो.”

वडशाचा तो वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. राइस मिलच्या कोंड्याचा धूर, ओल्या पोत्यांचा वास, आणि स्टेशनाकडून येणारी भज्यांच्या तेलाची झुळूक. शेजारच्या खोलीत एका नाटक कंपनीचं बुकिंग ऑफिस होतं. दिवाळी झाली की तिथे दुपारच्या तालमी सुरू होत. पेटीचा भाता, तबल्यावर मारलेली हातोडी, नायिकेचं तेच ते रडणं. मी टाइप करत असायचे आणि भिंतीपलीकडे कुणीतरी दर अर्ध्या तासाने मरत असायचं. आमचे दिवस फार मजेचे होते. तेव्हा मात्र मला ते नुसते उकाड्याचे वाटायचे.

महिन्यातले दहा-बारा दिवस मी भाऊंसोबत गावांत जायचे. एसटी धानोऱ्याला सोडायची, पुढे सायकल, त्यापुढे पायी. रैजीबाईचं गाव सगळ्यांत शेवटी यायचं. शेणाने सारवलेली अंगणं, बांबूच्या ताटव्यांचं कुंपण, गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा. उन्हाळ्यात अंगणभर मोहफुलं वाळत असत आणि त्यांचा गोड, थोडासा डोक्यात चढणारा वास कपड्यांना लागून वडशापर्यंत यायचा. रैजीबाई तेव्हा चाळिशीची असेल. ठेंगणी, काटक, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, आणि बोलणं असं की एक वाक्य झालं की पुढच्याची वाट बघावी लागे. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, “तू काय करते?” म्हटलं, इंग्रजी लिहिते. ती विचार करून म्हणाली, “मंग जेवते कवा?” त्या दिवसापासून मी तिच्या घरी जेवायला लागले.

नवं फळ देवाला दाखवल्याशिवाय तोंडात टाकायचं नाही, हा तिथला रिवाज. त्या दिवसाला ते पंडुम म्हणतात. आंब्याचा वेगळा आणि चाराचा वेगळा. चार म्हणजे चारोळीचं फळ, बोराहून लहान, पिकल्यावर जांभळं-काळं होतं. वरचा गर आंबटगोड, आत टणक बी, आणि त्या बीच्या आत आपण बासुंदीवर टाकतो ती चारोळी. पंडुम होईपर्यंत त्या डोंगरावरच्या झाडाला कुणी हात लावत नसे. वाऱ्याने खाली पडलेलं फळसुद्धा पोरं ओलांडून जात. मी एकदा न कळून एक उचललं, तर एका एवढ्याशा मुलीने माझ्या हातावर चापट मारली आणि मग आपणच घाबरून पळाली.

पंडुम कधी, हे पंचांगात नसायचं. ते रैजीबाई ठरवायची. तिच्या सासूकडून तिच्याकडे आलेलं काम होतं ते. वैशाखात एका सकाळी ती एकटी डोंगर चढायची. माथ्यावरची, मधल्या उतारावरची, नाल्याकाठची अशी झाडं बघायची, आणि प्रत्येकाखाली पडलेलं एक फळ पळसाच्या पानात बांधून आणायची. गावाचा पुजारी, त्याला गायता म्हणत, ऐनाच्या झाडाखाली बसलेला असायचा. सगळं गाव भोवती. ती दगडावर एकेक बी फोडायची, दाणा नखाने दाबून बघायची. दाणा कच्चा असला तर काही न बोलता पदर झटकून घरी निघून जायची, आणि गावही उठायचं. आणि तयार असला तर गोंडीत एकच शब्द म्हणायची. पिकलं. वर्षातून एकदा म्हणायचा शब्द. तो ऐकला की म्हातारा गायता डोळे मिटायचा आणि ढोल सुरू व्हायचा.

मी तो शब्द दोन वर्षं ऐकला. पहिल्या वर्षी मला रडू आलं होतं. का, ते सांगता येणार नाही. ढोलाच्या आवाजाने असेल, किंवा इतक्या माणसांनी एका बाईच्या एका शब्दावर इतका विश्वास ठेवलेला मी आधी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत दिल्लीहून एक पाहुण्या बाई आल्या. सुती साडी, पांढरे केस, आणि पायात पुरुषी बूट. फार बऱ्या होत्या. रैजीबाईने त्यांना डोंगर दाखवला, मी जमेल तसं इंग्रजीत सांगत गेले. सगळं ऐकून त्या थांबल्या, एका झाडाला हात लावला आणि हळूच म्हणाल्या, हे सस्टेनेबल आहे. भाऊंनी मान हलवली. मीही हलवली. आम्हा दोघांनाही त्याचा अर्थ माहीत नव्हता.

वडशाला परतल्यावर मी एसटीडी बूथवरून कॉलनीत शेजाऱ्यांकडे फोन लावला, बाबांना बोलावून घेतलं. “तुमच्या डिक्शनरीत बघा ना.” पानं उलटल्याचा आवाज आला. “नाही गं, हा शब्दच नाही. याच्या आधीचा धातू आहे, सस्टेन. तो आमच्या अपघाताच्या फॉर्मवर असतो, कामगाराला इजा झाली म्हणून.” मग थोडं थांबून म्हणाले, “पण तुझ्या पाहुण्या बाई इजेबद्दल बोलत नसतील.” पुढे दिवाळीला घरी गेले तेव्हा पाहिलं, बाबांनी त्या पानाच्या कडेला पेन्सिलने तो शब्द लिहून ठेवला होता आणि पुढे प्रश्नचिन्ह. छापलेल्या पुस्तकात नसलेला शब्द मुलीने शोधून आणला याचा त्यांना कोण अभिमान.

पाहुण्या बाईंनीच पुढे पत्रात मला अर्थ उलगडून सांगितला. घेतल्यावरही उरेल असं. आज हे कुणाला सांगितलं तर हसतील, पण तो शब्द मला फार आवडला होता. कोरा करकरीत होता तो. मी जिथे जेवत होते, ज्या डोंगरावर माझ्या हातावर चापट बसली होती, त्या सगळ्याला दूरच्या देशातल्या भाषेत एक नाव आहे हे मला खरंच सुंदर वाटलं. मी रैजीबाईलाही सांगितलं. ती जात्यावर चारोळी फोडत होती, बोटं बियांच्या रंगाने काळी झालेली.

“म्हणजे पुढंही राहील असं, बाई.”

“राहीनच ना,” ती म्हणाली. “आपण नाई राहत. ते राहते. याले बोल काऊन लागते?”

मी हसले आणि वहीत लिहून घेतलं. अहवालात मी तिचं वाक्य घातलं नाही, शब्द मात्र घातला. चार वेळा टाइप केला तो अहवाल. भिंतीपलीकडे त्या दिवशी खलनायक मरत होता.

अहवाल कुठे कुठे गेला देव जाणे. पण त्यानंतर आमच्याकडे पत्रं यायला लागली, परदेशी तिकिटं लावलेली, आणि पोस्टमन ती भाऊंच्या हातात द्यायच्या आधी स्वतः निरखून बघायचा. आणि मग पाहुण्यांचं यायचं ठरलं. नऊ जण, संस्थेला पैसे देऊ शकणारे. त्यांना तो पंडुम बघायचा होता, त्यासाठीच येत होते. त्यांची तारीख चैत्रातली होती. विमानाची तिकिटं निघालेली. चारं पिकायला अजून तीन-साडेतीन आठवडे होते.

“तू बोल रैजीबाईशी,” भाऊ म्हणाले. “तुयं ऐकते ते.” भाऊ वाईट नव्हते. थकलेले होते. संस्थेतल्या लोकांना तीन महिने पगार नव्हता आणि त्यांच्या डोळ्यांसमोर त्या बायकांसाठी बांधायचं गोदाम होतं. पण गेले मी. ती एसटी मी पकडली. मी वाटेत उतरले असते तरी चाललं असतं.

रैजीबाई अंगणात मोहफुलं उलटीपालटी करत होती. मी म्हटलं, “बाई, पाहुणे मंगळवारी येऊन राह्यले. पंडुम पाहायलेच येतात.”

“चारं कच्चे आहेत.”

“एकदाच. नुसतं दाखवायपुरतं. खरा मंग करा तुमी.”

“पंडुम दोनदा नाई होत, पोरी.”

ती उठली, बाहेर गेली, कुंपणापलीकडच्या झाडाखालून एक हिरवं फळ घेऊन आली. उंबऱ्यावर ठेवून दगडाने फोडलं. आतून पांढरं पाणी आलं. “पाह्य,” ती म्हणाली. “दूध आहे अजून.”

आणि मी म्हणाले, हे माझं वाक्य मला आजही चहा गाळताना, भाजी निवडताना मध्येच ऐकू येतं, मी म्हणाले, “त्यायले काय समजते, बाई?”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. “त्यायले नाई समजत,” ती म्हणाली. “मले समजते ना.” मग बराच वेळ मोहफुलांवरून हात फिरवत बसली, आणि निघताना म्हणाली, “मंगळवार ना?”

का ऐकलं तिने माझं, हे मला कधी कळलं नाही. मी तिच्या घरी जेवले होते म्हणून असेल.

मंगळवारी सगळं झालं. कॅमेरे, शबनम पिशव्या, नवी चादर अंथरलेली बाज. रैजीबाई डोंगरावरून पानाचा पुडा घेऊन आली. ऐनाच्या झाडाखाली बसली. बी फोडली आणि अंगठा तिच्यावर दाबून धरला, कुणाला आतलं दिसू नये असा. आणि म्हणाली, पिकलं. म्हाताऱ्या गायत्याने दगडाकडे पाहिलंच नाही, तो तिच्याकडे बघत होता. ढोल जरा उशिरानेच वाजला. पाहुण्यांनी हिरवी चारं चाखली, आंबट तोंडं करून हसले, टाळ्या वाजवल्या. मी दुभाषी म्हणून उभी होते. त्या शब्दाचं इंग्रजी मी केलं. स्पष्ट, मोठ्या आवाजात.

पुढचं मी नीट सांगू शकत नाही, कारण पुढचं मी फारसं पाहिलंच नाही. त्या अहवालामुळे मला चंद्रपुरात बरी नोकरी मिळाली आणि मी पावसाळ्याआधीच निघून आले. ऐकलं ते एवढंच. पुढच्या वर्षी रैजीबाई डोंगरावर जायच्या आधीच पलीकडच्या गावचे लोक काठ्या घेऊन आले. रैजीबाईच्या गावातल्या बायकाही म्हणाल्या, मागल्या साली तर चैत्रातच झालं होतं. मग ज्याच्या हाती लागेल त्याचं. कच्चं तर कच्चं. मग फळं वेचत बसण्यापेक्षा फांदी तोडून आणलेली बरी. दोन्ही नाल्यांपर्यंत कुऱ्हाडींचा आवाज यायचा म्हणे. म्हातारा गायता गेला. रैजीबाईने ते काम सोडलं. कुणी तिला विचारलंही नाही, कारण आता विचारायचं काही राहिलं नव्हतं.

आणि शब्द फोफावला. आधी प्रशिक्षणांत आला. खेड्यापाड्यांतून बायकांना सतरंजीवर बसवून तो मोठ्याने म्हणायला लावत, आणि म्हणता आला की टाळ्या. मग सरपंचांच्या भाषणात, वनखात्याच्या पाटीवर, कोळशाच्या कंपनीच्या कॅलेंडरवर. मी तो रोज टाइप करत होते. सुरुवातीची काही वर्षं प्रत्येक वेळी मला ती काळी बोटं दिसायची. मग नाही दिसली. हे कबूल करताना मला लाज वाटते, पण नाही दिसली. पुढे बाबा गेले. नवी डिक्शनरी घेतली तिच्यात तो शब्द दिमाखात छापलेला होता, चांगल्या तीन अर्थांसकट.

एका हिवाळ्यात कामानिमित्त वडशाला गेले होते. संस्थेच्या जागी मोबाइलचं दुकान, पण नाटक कंपनी होती तिथेच होती. दुपारची तालीम चालली होती, मी दारात उभी राहिले. विनोदी नट साहेब झाला होता. एका मोडक्या खाटेकडे बोट करून तो बायकोला विचारत होता, “का वो, हे खाट सस्टेनेबल आहे का?” बायको म्हणाली, “तुमी बसा साहेब, मंग समजते.” सगळी मंडळी हसली. मीही हसले, पोट धरून. हसता हसता मला एकदम वाटलं, ही माणसं हसताहेत ते बरोबरच हसताहेत. वर्षानुवर्षं त्यांच्या अंगावर जो शब्द फेकला गेला तो ते आता परत फेकत होते. पण त्याची किंमत ज्या डोंगराने दिली तो डोंगर त्यांच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. मला तिथून बाहेर पडावं लागलं. स्टेशनाच्या बाकावर बसून मी रडले, आणि शेजारच्या बाईने न विचारता मला पाणी दिलं.

ईशाच्या यादीनंतर चौथ्या दिवशी मी रजा टाकली. कुणाला काही सांगितलं नाही. ज्या शब्दासाठी एका माणसाचा एकुलता एक शब्द मी खर्च करायला लावला, तो शब्द आता कूलरवर चिकटवून बाद केलेला. मग उरलं काय. हे स्वतःशी म्हणत मी गडचिरोलीच्या एसटीत बसले. धानोऱ्यापुढे आता डांबर आहे, दोन्ही नाल्यांवर पूल आहेत. ऑटोवाल्याने थेट गावाच्या फाटकापाशी सोडलं आणि तिथेच थांबतो म्हणाला. वैशाख होता. डोंगराकडे मी पाहिलं. खुरटी झुडपं, मधूनमधून खोडांचे बुंधे, आणि खडक. तिथे कधी सावली होती हे सांगून कुणाला पटलं नसतं.

रैजीबाई ओसरीत बसली होती. डोळे पांढुरके झालेले, गोंदण सुरकुत्यांत हरवलेलं. मी नमस्कार केला तशी मान तिरकी करून ऐकत राहिली.

“इंग्रजीवाली,” ती म्हणाली. “जेवली का?”

तिची नातसून, सरिता, अंगणात तेंदूपानांच्या जुड्या बांधत होती. तिने पाणी आणलं, मग पळसाच्या द्रोणात मूठभर चारं आणून माझ्यासमोर ठेवली. “बाजारातून आणले काल,” ती म्हणाली. “आपल्या इथी आता कुठी मिळते.” प्रवासाने तोंड कोरडं पडलं होतं. मी एक तोंडात टाकलं. तीच चव, आंबटगोड, शेवटी जराशी तुरट. मी दुसरं घेतलं.

मग मी म्हणाले. तीस वर्षं तोंडपाठ केलेलं सगळं विसरले आणि कसंबसं म्हणाले, “बाई, त्या साली तुमाले खोटं बोलाले मी लावलं. चूक माझी होती. डोंगर माझ्यामुळे गेला.”

 सरिताचे हात थांबले.

“तू नाई लावलं,” रैजीबाई म्हणाली. “मी म्हटलं. तोंड माझं होतं.”

“पण मी सांगितलं म्हणून—”

“सांगणारे लय येतात, पोरी. म्हणणारी मी एकटीच होती ना. माझ्या सासूनं मले ठेवलं होतं तिथी. तुले नाई.” ती शांतपणे बोलत होती, जसं दुसऱ्याच कुणाबद्दल. मी जे ओझं घेऊन आले होते ते तिने माझ्या हातून काढून घेतलं नाही आणि ते माझं आहे असंही मानलं नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मी द्रोण तिच्याकडे सरकवला. “तुमी घ्या ना, बाई.”

“नको,” ती म्हणाली.

“आजी खात नाई चारं,” सरिता म्हणाली. “मी लग्न होऊन आली तवापासून नाई पाह्यलं खाताना. मामंजी म्हणते, त्याच्याही आधीपासून. गावात पंडुम झाला तरी नाई. कार्यक्रम करतात ना आता, मंडप गिंडप टाकून, तवा पण नाई.”

मी विचारलं, “काऊन, बाई?”

“पंडुम झाला नाई ना अजून.”

मला वाटलं वयाने गोंधळली. सरिताही तसंच समजून हसली आणि म्हणाली, “आजी, झाला ना आता पंधरा दिवसाखाली.”

“तो तुमचा,” रैजीबाई म्हणाली. तिच्या आवाजात गोंधळ नव्हता. “त्या सालचा बाकी आहे. मी पिकलं म्हटलं, अन् ते पिकलं नव्हतं. देवासमोर म्हटलं. आता ते पिकन तवा खाईन.”

  त्या वर्षीची चारं त्याच वर्षी मातीत गेली, ती ज्या झाडांची होती ती झाडं गेली, आणि ही बाई तीस उन्हाळे तोंड बंद ठेवून त्यांच्या पिकण्याची वाट बघत बसली होती. तिला काय ठाऊक नव्हतं? तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

“तू खा,” ती माझ्या दिशेने हात करून म्हणाली. “तू पाहुणी आहे.”

माझ्या तोंडात तिसरं चार होतं. गर विरघळून गेला होता आणि जिभेवर नुसती टणक बी होती. तिच्यासमोर ती चावता येईना, अंगणात थुंकताही येईना. ऑटोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. मी तशीच बसून राहिले.